घरचं एक मत

आमचे हे लोकसभेला उभे राहणार ही बातमी मला दूधवाल्याकडून कळली. दोन हजार नऊ सालचा मार्च, सकाळचे सात, माझ्या हातात पातेलं, आणि तो म्हणतो, "काकू, काका खासदार झाल्यावर दूध वाढवायचं का?" मी पातेलं ओट्यावर ठेवलं आणि बाल्कनीत गेले. हे कुंडीतल्या कढीपत्त्याकडे बघत उभे होते.

"तुम्ही निवडणुकीला उभे राहताय?"

"हो. तुला सांगितलं ना?"

"कधी?"

यांनी खरंच आठवून पाहिलं. मग म्हणाले, "बोलणं झालं होतं आपलं. म्हणजे मी चालत होतो तेव्हा. तू हो म्हणालीस."

हे असं आहे बघा. हा माणूस दिवसभर माझ्याशी मनातल्या मनात बोलतो, माझी उत्तरंही स्वतःच देऊन टाकतो, आणि घरी आला की बोलायचं काही उरलेलं नसतं म्हणून गप्प बसतो. चौतीस वर्षांच्या संसारात मी अशी परस्पर किती गोष्टींना हो म्हणाले असेन, मलाच ठाऊक नाही. नारायण पेठेतली भाड्याची जागा सोडून धायरीला फ्लॅट घेतला, तेव्हाही मी म्हणे हो म्हणाले होते. मी चिडले की यांचं एकच उत्तर, "अगं, तू आहेसच की!" जशी काही मी घरातली खुंटी.

यांचं नाव बाळ रिसबूड. पाळण्यातलं नाव वेगळं होतं, ते पाळण्यातच राहिलं. शाळेच्या दाखल्यावर बाळ, लग्नपत्रिकेवर बाळ, आणि शेवटी मतदान यंत्रावरही बाळच. साठी उलटलेला बाळ. मी हेमा, मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं मास्तरीण होते. एवढी ओळख पुरे.

जंगली महाराज रस्त्यावर रस्ते आखून देणारी एक कंपनी होती, तिथे हे ड्राफ्ट्समन. उभं राहून, तिरक्या फळीवर वाकून, ट्रेसिंग पेपरवर शाईनं नकाशे काढायचे. नकाशात झाड म्हणजे एक छोटं वर्तुळ आणि मध्ये ठिपका. नव्वदनंतर पुण्याला मोटारींचं वेड लागलं, पुढे हिंजवडीला कॉम्प्युटरवाले आले, आणि रस्ते रुंद करायचे नकाशे धबाधबा यायला लागले. रस्ता रुंद करायचा म्हणजे कडेची वर्तुळं काढायची. ट्रेसिंग पेपरवरची शाई रबरानं जात नाही हो! दाढीचं ब्लेड अर्धं मोडून, कागद न फाडता, हलक्या हातानं ती खरवडावी लागते. यांचा हात त्यात असा बसला होता की अवघड खरवडणं सगळे यांच्याच टेबलावर आणून टाकत. नकाशातलं वर्तुळ गेलं की दोन-चार महिन्यांत रस्त्यावरचं झाडही जायचं. त्या दिवशी घरी आले की ताटातली पोळी तशीच राहायची. "आज एक वड खरवडला," एवढंच म्हणायचे आणि हात धुवायचे.

मग कंपनीत कॉम्प्युटर आला. एक कळ दाबली की दोनशे झाडं साफ! ब्लेडवाला माणूस कशाला हवाय? यांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. मला वाटलं, सुटला बिचारा. कसलं काय! घरी बसल्यावर यांनी पुण्याचा नवा नकाशा काढायला घेतला, स्वतःच्या हातानं खरवडलेलं एकेक झाड पुन्हा जागच्या जागी घालून.

तो नकाशा आमच्या पुढच्या खोलीत जमिनीवर पसरलेला असायचा. दुपारी पंखा बंद, कारण कागद उडतो. मी मंडईवरून पाय टाकून लकडी पुलापाशी यायची आणि तिथून पर्वतीला वळसा घालून स्वयंपाकघरात. शिव्या घालतच जायची, खोटं कशाला बोलू? पण कधी भाजी निवडत बसले की नजर तिकडे जायची. पडद्यातून आलेलं ऊन कागदावर सरकत असायचं आणि ती हजारो वर्तुळं हलल्यासारखी वाटायची, झाडं हलतात तशी. माझा डोळा लागायचा. स्वप्नात मी शाळेला चालत निघालेली असायची, डोक्यावर सगळी पानंच पानं, साडीवर उन्हाचे कवडसे. शाळा काही यायचीच नाही, आणि ती येऊच नये असं वाटायचं. जाग आली की हे तिथेच मांडी घालून बसलेले, हातात पेन. "बंड गार्डनपर्यंत पोचलो," म्हणायचे.

या नकाशापायी यांची भीमरावांशी गाठ पडली. भीमराव येरवड्याचे, सरकारी बागेतून निवृत्त झालेले माळी. कुठल्या रस्त्यावर कोणतं झाड होतं हे विचारायला हे त्यांच्याकडे गेले आणि दोघांचं असं जमलं की सांगता सोय नाही. दोघांनी मिळून पक्ष काढला. सावली पक्ष. रीतसर नोंदणी करून, दिल्लीचा शिक्का आणून. सभासद एकंदर चाळीसेक, त्यातले निम्मे सकाळी फिरायला येणारे पेन्शनर. जाहीरनामा एका ओळीचा, की दर शंभर पावलांवर एक झाड आणि झाडाखाली एक बाक.

आमचा मुलगा आमोद हिंजवडीला नोकरीला. तो जेवताना म्हणाला, "बाबा, हा खासदाराचा विषयच नाहीये. हे कॉर्पोरेशनचं काम आहे. लोकसभेत जाऊन तुम्ही बाकांवर बोलणार? टोटली राँग फोरम."

हे आमटी भुरकत म्हणाले, "ऊन सगळ्या देशाला लागतं."

पक्ष लहान असला की उमेदवाराला दहा सूचक लागतात, त्या मतदारसंघातलेच. पुढारी काय, घरातल्या गड्यांच्याही सह्या घेतात. आमच्या यांनी दहा सूचक दहा वेगवेगळ्या भागांतले आणले. एकाच गल्लीतले घेतले तर म्हणे ते खरं पुणं होत नाही. त्यात उत्तरेश्वर होता, धाराशिवकडचा, येरवड्याला राहणारा, एका काचेच्या इमारतीच्या फाटकावर सिक्युरिटीला. तो मला म्हणाला, "काकू, म्या आठ तास उनात उभा ऱ्हातो. सायबांच्या गाड्यायला शेड हाय, मला न्हाई. काकांनी माझ्या फाटकापशी नकाशात झाड काढलंय, तुमी बगितलं का?" मी पाहिलं नव्हतं. घरी येऊन पाहिलं, तर खरंच होतं, एकटंच, शाई जरा जास्त लागलेलं.

आता खरी गंमत ऐका. त्या वर्षी मतदारसंघ नव्यानं आखले गेले आणि आमची धायरी गेली बारामतीत. यांचं नाव धायरीच्या यादीत, आमोदचंही तिथेच. उभं राहायला काही अडचण नव्हती, माणूस कुठूनही उभा राहू शकतो. पण मत? पुण्याचा उमेदवार, आणि पुण्यात स्वतःला मत देता येत नाही! माझं नाव मात्र अजून नारायण पेठेत होतं. यादी बदलायच्या अर्जावर सही करायचं मी दहा वर्षं टाळलं होतं. मास्तरीण असून हे बरोबर नव्हे ते मला कळत होतं, पण पेठ सुटली तरी पेठेतलं नाव सोडवेना. म्हणजे रिसबुडांच्या घरात उमेदवाराला पडू शकेल असं मत एकच होतं, माझं.

आणि ते हे मागेनात.

तुम्ही म्हणाल, बायकोकडे काय मागायचं? थांबा. आमच्या पेठेत बोलावल्याशिवाय कुणी कुणाच्या कार्याला जात नाही. भिंतीला भिंत लागलेली असो, रोजची आमटीभाजीची देवाणघेवाण असो, अक्षत घेऊन दारात येऊन "यायचं हं" म्हटलं नाही, तर माणूस घरात पिठलंभात खाईल पण मांडवात पाऊल टाकणार नाही. माझ्याच लग्नात माझ्या सख्ख्या आत्याला अक्षत द्यायची राहिली. घरचीच आहे, तिला काय सांगायचं, असं सगळ्यांना वाटलं. ती आली नाही. तिच्या खिडकीतून मंगलाष्टकं ऐकू येत होती म्हणे, पण नाहीच आली. मी तिचीच भाची. मला खासदारकी नको होती, जाहीरनामा नको होता. चौतीस वर्षांत एकदा, फक्त एकदा, या माणसानं माझ्या तोंडाकडे बघून मला विचारावं, एवढंच हवं होतं. विचारलं असतं तर मी दहा मतं दिली असती.

चिन्ह मागितलं होतं छत्री. छत्री दुसऱ्याच कुणाला गेली आणि यांच्या वाट्याला आली इस्त्री. ऐन एप्रिलात सावली मागत फिरायचं आणि पत्रकावर इस्त्री! आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. भीमरावांनी तर कपाळावर हात मारला. हे म्हणाले, "असू दे. ऊन कसं असतं ते लोकांना लगेच कळेल."

प्रचार पायी. गाडी नाही, कर्णा नाही. हे, भीमराव, सुट्टी असली की उत्तरेश्वर. एकेका दारात जायचं, बेल वाजवायची, हात जोडायचे. "नमस्कार, मी बाळ रिसबूड. सावली पक्षातर्फे उभा आहे. आपलं मत मला द्यावं, अशी विनंती आहे." आणि आपले पुणेकर! एकानं दाराच्या फटीतून विचारलं, "झाडाची पानं पडतात, ती झाडणार कोण?" दुसरा म्हणाला, "बाक टाकलेत तर लोक बसतील!" तिसऱ्या बाईनं पत्रक परत दिलं, वर म्हणाली, "वाचून झालं, दुसऱ्याला द्या, कागद वाचेल." हे सगळ्यांना थँक्यू म्हणायचे. चौदा-पंधरा हजार दारं झाली असतील. आमचं एक सोडून.

एका रविवारी मी बरोबर गेले. म्हटलं, चालता चालता तरी विचारतील. मंडईत मुक्ताबाईंपासून सुरुवात. या मुक्ताबाई आमच्या जुन्या भाजीवाल्या, पेठेत आमच्या मागच्याच वाड्यात राहणाऱ्या. त्या म्हणाल्या, "काका, माझं मत तुमालाच." पुढे बापूरावांची पिठाची गिरणी. बापूराव पीठ झटकत बाहेर आले. "अहो, विचारता काय! आम्ही जुने शेजारी सहा घरं आहोत, सहाही घरं तुमची. आणि वहिनींचं तर झालंच!" हे हसले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वहिनींचं झालंच काय? कुणी विचारलं वहिनींना?

परतताना आम्ही नदीच्या बाजूनं एका मोठ्या रस्त्याला लागलो. दुपारचे दोन, डांबर पाझरत होतं, गाड्या सुसाट. मध्येच फुटपाथच्या कडेला हे थांबले आणि म्हणाले, "हेमा, इथे उभी राहा जरा. इथे सावली आहे." मी म्हटलं, "उन्हानं डोकं फिरलंय तुमचं." "नाही गं. शहाण्णव साली खरवडला मी हा. केवढा वड होता! तू आत्ता त्याच्या बुंध्याशी आहेस." आणि डोळे मिटून उभे राहिले, घामानं डबडबलेले, चेहऱ्यावर मात्र गारवा. मी चिडलेली होते, पाय भाजत होते. तरी का कोण जाणे, मीही डोळे मिटले. शप्पथ सांगते, गाड्यांचा आवाज लांब गेला. कानाशी पानं सळसळली, मानेवर काहीतरी हलकं, थंड येऊन बसलं. किती वेळ गेला कळलं नाही. डोळे उघडले तर हे माझ्याकडे बघत होते, ओठ थोडे उघडे, काहीतरी बोलणार असे. मला वाटलं, आता विचारतात. माझी छाती धडधडायला लागली, या वयात! "काय?" मी म्हटलं. "काही नाही, चल, बस मिळणार नाही," हे म्हणाले.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी शेवटची संधी म्हणून मीच विषय काढला. "उद्या पेठेत जाऊन येईन म्हणते. मतदानाला."

"हो? डोक्यावर पदर घे, ऊन फार आहे."

"यंत्रं किती आहेत?"

"तीन. छत्तीस उमेदवार आहेत ना." मग नकाशावरून मान वर न करता, "दुसऱ्या यंत्रावर कुणी बघतच नाही म्हणतात. मी दुसऱ्यावर तिसरा आहे. म्हणजे... कुणी विचारलं तर सांग."

कुणी विचारलं तर! मी दिवा मालवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

सकाळी पेठेत गेले. शाळा माझीच, केंद्रही माझ्याच जुन्या वर्गात. बत्तीस वर्षांत निवडणुकीची ड्युटी लागली नाही असं एकदाही झालं नाही. किती बोटांना शाई लावली असेल या हातानं! आज एका पोरसवदा बाईंनी माझ्या बोटाला लावली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले. तीन यंत्रं शेजारी शेजारी. दुसऱ्या यंत्रावर तिसरं, रिसबूड बाळ दत्तात्रय, पुढे इस्त्री. ते नाव असं परक्यासारखं छापलेलं मी दोनदा वाचलं. बोट उचललं. तेवढ्यात बापूरावांचं "वहिनींचं तर झालंच" कानात वाजलं, आणि चौतीस वर्षांचं "तू आहेसच की". वाटलं, मी नसले तर काय होतं ते कळू दे एकदा. यांना काय, पेठेतली सहा घरं आहेत! बोट पहिल्या यंत्राकडे वळलं. कुणाचं बटण दाबलं ते सांगणार नाही, मत गुप्त असतं. तो लांबलचक पीऽऽ आवाज आला आणि मला दरदरून घाम फुटला. परत दाबता येत नाही हो ते. बाई म्हणाल्या, "आजी, झालं, या आता."

संध्याकाळी हे घरी आले आणि माझं बोट पाहिलं. "छान लागलीय शाई," म्हणाले. मी भाकऱ्या थापायला घेतल्या.

मोजणीच्या दिवशी हे भल्या सकाळी, मतमोजणी जिथे ठेवली होती त्या गोदामावर गेले. एकेका केंद्राचं यंत्र टेबलावर आणतात, बटण दाबतात, प्रत्येक उमेदवाराचा आकडा दिसतो. जाळीच्या अलीकडे बसून हे लिहून घेणार होते. दुपारी चारला परत आले, सदरा पाठीला चिकटलेला. सगळी मिळून सहाशे बारा मतं. आमोद म्हणाला, "बाबा, नॉट बॅड!" येरवड्याला त्यातली दीडशे होती. उत्तरेश्वरनं सगळे फाटकवाले गोळा केले होते.

मला धीर धरवेना. पाण्याचं भांडं देता देता विचारलं, "आमच्या शाळेच्या केंद्रावर किती?"

हे पाणी प्यायले. सगळं प्यायले. मग म्हणाले, "एक."

"एकच? सहा घरं म्हणाले होते ना?"

"एक आहे," हे म्हणाले आणि भांडं स्वतः विसळून ठेवलं, जे या घरात कधी घडलं नव्हतं.

झालं! यांना वाटतंय, ते एक मत माझं. त्या दिवसापासून जेवताना समोर बसायचे ते शेजारी बसायला लागले. मोगऱ्याचा गजरा आणला, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदा. मी तो निर्लज्जपणे माळला. दुपारी नकाशावर ऊन सरकत असायचं, हे वर्तुळं काढत असायचे, आणि मी शेजारच्या खोलीत नुसती कुढायची. डोळा लागला तरी त्या स्वप्नातल्या रस्त्यावर आता झाडं नसायची, नुसता तो पीऽऽ आवाज. दुसऱ्याच कुणाच्या पुण्याईवर मी नवऱ्याचं प्रेम खात होते. कुणाच्या, ते तरी कळायला हवं होतं.

म्हणून जुलैत एके दिवशी सरळ पेठेत गेले. आधी गिरणीवर. बापूराव मला पाहून पीठ चाळायला लागले, जे त्यांचं कामच नाही. "बापूराव, खरं सांगा, यांना मत दिलंत?" बराच वेळ चाळणी हलवली. "वहिनी, खोटं नाही बोलत. मला वाटलं, पाच घरं देतायत, माझ्या एकानं काय अडणारे? म्हणून आमच्या नेहमीच्याला दिलं." पुढचं घर. "अहो, आम्हाला वाटलं बापूराव देणारच आहेत!" तिसरं घर, चौथं घर, तेच. पाचव्या घरी चहा मिळाला आणि तेच उत्तर. मुक्ताबाईंनी तर माझे हातच धरले, "बाई, मला वाटलं, तुमी सगळे शिकलेले हाय, माझं बटन चुकायचं उगाच. आन् तुमचं तर हायेच की घरचं!"

म्हणजे सहाही घरांनी एकमेकांवर सोडलं होतं, आणि सगळ्यांनी मिळून माझ्यावर. मग ते एक मत कुणाचं? धायरीच्या बसमध्ये खिडकीशी बसले होते. सिंहगड रस्त्यावर सगळं थांबलेलं, शेजारी कंपनीच्या बसेस, त्यांत झोपलेली पोरं. तिथे एकदम लख्ख कळलं. आणि रडू फुटलं. शेजारच्या मुलीनं कानातली वायर काढून विचारलं, "आर यू ओके, काकू?"

घरी आले तर हे जमिनीवर, धायरीच्या कडेला बसलेले. चपला न काढताच मी विचारलं, "ते एक मत कुणाचं होतं?"

"मत गुप्त असतं, हेमा."

"माझं नव्हतं."

पेन थांबलं. "माहीत आहे," हे म्हणाले.

"बापूरावांचंही नव्हतं, मुक्ताबाईंचंही नव्हतं. कुणाचंच नव्हतं ना?"

"शून्य होतं."

"मग खोटं का बोललात? जन्मात कधी बोलला नाहीत!"

यांनी पेनाला टोपण लावलं, पुसलं, बाजूला ठेवलं. "आकडा एक असो, चार असो, कुणाचं मत कुठे गेलं ते कळत नाही. शून्य आलं की सगळ्यांचं कळतं. तुझं मत गुप्त राहिलं नसतं. मला कळलं त्याला इलाज नव्हता. पण मला कळलंय हे तुला कळलं असतं, तर तू जन्मभर मान खाली घालून वावरली असतीस."

मी मटकन खाली बसले, तशीच, नकाशावर. "मला विचारलं का नाहीत हो? पंधरा हजार दारं फिरलात! मला एकदा विचारायला तुमची जीभ झडत होती?"

"घरात कसं मागायचं? जिच्या हातचं जेवतो तिच्याकडे मत मागणं म्हणजे दांडगाई. तुला नाही म्हणता आलं नसतं."

"मला? मला नाही म्हणता आलं नसतं?"

इतक्या दुःखातही आम्हाला दोघांनाही हसू आलं. मग हे हळूच म्हणाले, "त्या दिवशी मी शाळेसमोर उभा होतो, रस्त्याच्या पलीकडे. तू आत गेलीस ते पाहिलं. बाहेर आलीस ते पाहिलं. तुझा चेहरा पाहूनच मला कळलं होतं. मोजणीत नुसती खात्री झाली."

"मला वाटलं, तुम्ही मला गृहीत धरलंत."

"गृहीत? मग मी रस्त्यापलीकडे उन्हात उभा कशाला राहिलो असतो, हेमा?"

मी डोळे पुसले. म्हटलं, "उठा. बाहेर जा."

"कुठे?"

"दाराबाहेर. सगळ्यांकडे मागितलंत ना, तसं मागा."

"अगं, निवडणूक होऊन तीन महिने..."

"जा म्हणते ना!"

हे उठले. सदरा नीट केला, कपाटातून उरलेलं एक पत्रक घेतलं, चपला घातल्या आणि बाहेर गेले. मी दार लावून घेतलं. किती तरी वेळ काहीच झालं नाही. मग बेल वाजली. मी पदर सारखा केला आणि दार उघडलं.

"नमस्कार," हे म्हणाले. हात जोडलेले, पत्रक बोटांत धरलेलं. "मी बाळ रिसबूड. सावली पक्षातर्फे..." पत्रक खिशात घातलं यांनी. पुन्हा हात जोडून माझ्या तोंडाकडे, थेट माझ्या डोळ्यांत बघत म्हणाले, "आपलं मत मला द्यावं, अशी विनंती आहे."

"दिलं," मी म्हटलं. "दिलं हो, दिलं."

समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं आणि तिथली बाई आम्हा दोघांना उंबऱ्यात रडताना बघून घाबरून म्हणाली, "अगबाई, काय झालं, काकू?"

"मतदान," मी म्हटलं, आणि यांचा हात धरून यांना आत घेतलं.